पेट्रोलच्या टाकीतली लाट आवरताना : बॅफल, कलेक्टर आणि सेफ्टी फोम

गावाकडे विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाया भरल्या हंड्यात पळसाचं एखादं पान टाकतात. मग वाट कितीही खडबडीत असो, पाणी हिंदकळून अंगावर येत नाही. पान पाण्याला धरून ठेवत नाही, फक्त लाट मोठी होऊ देत नाही. रेस कारच्या टाकीतला फोम म्हणजे हेच पान. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवली की फसगत होते. माझी झाली.

कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर आमची जुनी सेदान चालवत होतो. काटा पाव टाकीवर. एका लांब वळणात इंजिन क्षणभर गुदमरलं आणि सरळ रस्त्यावर आल्यावर परत नीट खेचायला लागलं. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ करून घेतले. शेवटी शेजारच्या पिटमधला एकजण म्हणाला, "अरे, आधी टाकी फुल तर करून बघ." फुल केली आणि आजार गेला. मुंबईला परतल्यावर मी कौतुकाने टाकीत फोम भरला, तोही सोफ्याचा! त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

हे सगळं फक्त ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. रस्त्यावरच्या गाडीची टाकी बदलणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ शी आणि विमा कंपनीशी एकाच वेळी भांडण. शिवाय गरजही नाही. आजच्या बहुतेक गाड्यांच्या प्लॅस्टिक टाकीत पंपाभोवती छोटी वाटी कंपनीनेच दिलेली असते. हौसेखातर वर्षातून दोनदा ट्रॅकवर जात असाल तर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. तेवढं पुरतं.

आधी रोग ओळखा

वळणात इंजिन गुदमरलं म्हणजे टाकीच दोषी, असं नाही. फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशर सेन्सर लावा आणि डेटा लॉगरमध्ये त्याची रेघ बघा. जुन्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) गाड्यांमध्ये रेलचं बेस प्रेशर साधारण ३ बार असतं. वळणात लॅटरल जी (बाजूला ढकलणारा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) वाढत असताना ही रेघ खाली कोसळत असेल आणि गाडी सरळ झाल्यावर एक-दोन सेकंदांत वर येत असेल, तर पंप हवा ओढतोय. रेघ सरळ रस्त्यावर, वरच्या आरपीएमलाच खचत असेल तर पंप थकलाय किंवा फिल्टर तुंबलाय. तिथे बॅफल, म्हणजे टाकीत लाट अडवणारा पत्रा, घालून काही उपयोग नाही.

लॉगर नसेल तर माझ्यासारखी गरिबांची परीक्षा घ्या. तोच ट्रॅक, तेच वळण, एकदा भरल्या टाकीने आणि एकदा पाव टाकीने. पण पाव टाकीच्या फेऱ्या दोनच मारा. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, आणि पूर्ण थ्रॉटलवर लीन झालेलं इंजिन नॉक करायला (मिश्रण अवेळी भडकून ठोके द्यायला) लागतं. टर्बो असेल तर पिस्टनची कड वितळायला फार वेळ लागत नाही.

लाटेचं गणित

वळणात टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग तिरपा होतो. किती, हे शाळेतल्या त्रिकोणमितीतच आहे. १ जी लॅटरल असेल तर ४५ अंश, ०.९ जी असेल तर जवळजवळ ४२ अंश, अर्धा जी असेल तर साडेसव्वीस.

आता ६० सेंमी रुंद, ३० सेंमी लांब आणि २५ सेंमी उंच अशी ४५ लिटरची टाकी घ्या. तळाशी ६ सेंमी पेट्रोल आहे, म्हणजे जवळपास ११ लिटर. ०.९ जीच्या लांब वळणात हे सगळं पेट्रोल बाहेरच्या भिंतीला चढतं आणि तिथून जेमतेम २८ सेंमीपर्यंतचीच जागा व्यापतं. पिकअप (पंपाचं पेट्रोल ओढायचं तोंड) मधोमध, म्हणजे भिंतीपासून ३० सेंमीवर. टाकीत ११ लिटर पेट्रोल आणि पंपाच्या तोंडाशी हवा! काखेत कळसा म्हणतात तो हा.

भरलेल्या टाकीत पेट्रोलचं वजन सुमारे ३३ किलो होतं. ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतं तेव्हा एस वळणात गाडीचा मागचा भाग हललेला जाणवतो, आणि टाकीचे सांधेही थकतात. ही आपटाआपटी कमी करणं हे बॅफलचं आणि फोमचं काम. पंपाचं तोंड पेट्रोलात बुडालेलं ठेवणं हे कलेक्टरचं, म्हणजे पंपाभोवतीच्या पेटीचं, काम. आणि टाकीच्या आत भडका उडू न देणं हे फक्त फोमचं काम. कामं तीन आहेत आणि लोक तिन्ही एकाच्याच गळ्यात घालतात.

जुनी टाकी कापायची का?

नाही. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. पेट्रोलच्या वाफेचं हवेतलं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असेल तर ती पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं हेच प्रमाण सहज जुळून येतं. ही वाफ हवेहून जड असल्यामुळे तळाशी आणि सांध्यांमध्ये दडून बसते. दोनदा धुतलेली टाकीही गरम झाली की पुन्हा वाफ सोडते. कुर्ल्याला पाणी भरून टाक्या वेल्ड करणारे अनुभवी कारागीर आहेत, पण ते त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. यूट्यूब बघून आपण करायचं ते नाही.

मी नवीन टाकी बनवून घेतो. साकीनाका-मरोळ पट्ट्यात टिग वेल्डिंगचे चांगले गाळे आहेत. ५०५२ ग्रेडचा ३ मिमी ॲल्युमिनियम पत्रा आणि ५३५६ ची रॉड सांगा. वजनाची फिकीर नसेल तर १.५ मिमीचं ३०४ स्टेनलेस मला मुंबईच्या हवेत जास्त भरवशाचं वाटतं. वरच्या बाजूला मोठं झाकण हवंच, निदान तळहाताची वीत आत जाईल एवढं. फोम त्यातूनच आत जाणार आहे आणि दरवर्षी त्यातूनच बाहेर येणार आहे. हे झाकण विसरून टाकी सील केलेले लोक मी पाहिलेत. झाकणाला आणि ओ-रिंगला व्हायटॉन (इंधन सोसणारं रबर) वापरा, साधं रबर ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये, फुगतं.

एफआयए (मोटार स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संस्था) मान्यतेची रबरी पिशवीची टाकी हा त्याहून वरचा मार्ग. एफटी३-१९९९ किंवा त्यापुढच्या दर्जाच्या पिशवीवर तारीख छापलेली असते आणि आयुष्य पाच वर्षांचं. उत्पादकाने तपासून दिली तर आणखी दोन. तुमच्या स्पर्धेच्या नियमात ती सक्तीची असेल तर हा लेख फक्त आतला फोम समजण्यापुरता वाचा, कारण तिथे घरगुती टाकी स्क्रुटिनीलाच, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीलाच, अडेल.

बॅफल

वळणातली लाट आडवी येते, म्हणून तिला अडवणारे पत्रे गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे लावायचे. ६० सेंमी रुंदीला दोन पत्रे, म्हणजे २० सेंमीचे तीन कप्पे. ब्रेकिंगसाठी मधल्या कप्प्यात एक आडवा पत्रा. बस. चार-पाच पत्रे घालून मधमाशांचं पोळं करू नका. मग फोम बसत नाही, पंप बसत नाही आणि साफसफाईचं नाव काढायला नको.

पत्र्याच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना साधारण २० मिमीचा काप ठेवा, म्हणजे शेवटचा थेंबही कप्प्यात अडकत नाही. वरच्या कडेला दोन बोटांची फट हवी. ती नसेल तर एका कप्प्यात हवा कोंडते आणि भरताना पेट्रोल फिलरमधून तोंडावर येतं. मधली भोकं ३०-४० मिमीची, थोडी वरच्या भागात आणि शेजारच्या पत्र्यातल्या भोकांसमोर न येतील अशी. भोकाची कड दाबून वळवून घेतली तर पत्राही ताठ होतो आणि धारही राहत नाही. ती धार पुढे फोमला कुरतडते, म्हणून वळवून घेतली नसेल तर निदान कानशीने मोडून टाका.

बॅफल सलग वेल्ड करू नका. आमचा टिगवाला पहिल्यांदा सुंदर सलग सांधा मारून मोकळा झाला होता. "दादा, एकदम पक्का केलाय," म्हणाला. दुसऱ्या मोसमात त्या पक्क्या सांध्याशेजारीच टाकीच्या तळाला केसाएवढी चीर गेली. पत्र्याला थोडं हलू द्यावं लागतं. आता आम्ही बॅफलच्या कडा काटकोनात वळवतो आणि २५ मिमी वेल्ड, ५० मिमी मोकळं असं टाके घातल्यासारखं जोडतो.

कलेक्टर

भोकं पाडलेला बॅफल लाट मोडतो, पण लांब वळणात पेट्रोल त्या भोकांमधूनच हळूहळू पलीकडे जातंच. फोमचंही तसंच. फोम उशीर करतो, थांबवत नाही. छोट्या चिकेनसाठी (लागोपाठच्या उलटसुलट वळणांसाठी) तेवढा उशीर पुरतो, पाच-सात सेकंदांच्या वळणाला पुरत नाही. म्हणून पंपाभोवती एक पेटी लागते. तिच्यात पेट्रोल येऊ शकतं, पण परत जाऊ शकत नाही.

पेटी दोन ते तीन लिटरची, टाकीच्या तळाला चिकटलेली. तिच्या चारही भिंतींना तळाशी खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीवर आतल्या बाजूला उघडणारी झडप. बाहेरून दाब आला की झडप उघडते, आतून आला की बंद होते. बिजागरी शक्य तितकी सैल ठेवा, स्प्रिंग लावू नका. झडपेचा पत्रा पातळ, एक मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर अगदी शेवटच्या पेट्रोलचा दाब तिला उघडू शकत नाही. बिजागरीची पिन दोन्ही टोकांना ठोकून पक्की करा. सुटलेली पिन आधी पंपाची जाळी शोधते.

आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती गोष्ट. १५० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ताशी ४५ लिटरच्या आसपास पितं, म्हणजे सेकंदाला १२-१३ मिली. या हिशोबाने एक लिटर सव्वा मिनिट पुरायला हवं. पण पंप इंजिनाला हवं तेवढंच ओढत नाही. ताशी १५० लिटरचा पंप सेकंदाला ४२ मिली ओढतो आणि उरलेलं रिटर्न लाइनने टाकीत परत सोडतो. तो रिटर्न कलेक्टरच्या बाहेर पडत असेल तर एक लिटरची पेटी २४ सेकंदांत कोरडी. म्हणून रिटर्नचं तोंड कलेक्टरच्या आतच, पेट्रोलच्या पातळीखाली आणि पंपाच्या तोंडापासून शक्य तितकं लांब सोडा. वरून धार पडली तर फेस होतो आणि पंप तोच फेस ओढतो. आमच्या गाडीत फक्त ही एक नळी हलवल्यावर निम्मा आजार गेला होता, फोम घालायच्याही आधी.

टाकीच्या आतल्या नळीबद्दल एकच. बाहेरची इंधन नळी आत बुडवून चालत नाही, कारण तिचं बाहेरचं आवरण सतत पेट्रोलात राहायला बनवलेलं नसतं. बुडवायची नळी वेगळी येते, तिच्यावर एसएई जे-३०-आर-१० अशी छपाई असते. मुंबईत नागदेवीच्या बाजारात मागताना नळीवरचं छापील वाचूनच घ्या. "चलता है, सब चलता है" हे उत्तर मिळालं तर पुढचं दुकान.

फळीवरची परीक्षा

मुंबईत ट्रॅक नाही, आणि रात्री वांद्रे-कुर्ला संकुलात गाडी फिरवून टाकी तपासायची नसते. पण गाळ्यातच ०.९ जी मिळतो. टाकी फळीवर ठेवा, तळाशी सहा सेंमी पाणी भरा, पंप अजून बसवू नका. आता फळीची एक कड उचला. ६० सेंमी रुंदीला ती ४० सेंमी वर गेली की ४२ अंश होतात, आणि पाणी वळणातल्या पेट्रोलसारखंच वागतं. दहा सेकंद धरून ठेवा. वरच्या झाकणातून कलेक्टरमध्ये पारदर्शक नळी सोडा, वरचं टोक अंगठ्याने दाबून बाहेर काढा आणि किती पाणी उरलंय ते मोजा.

आमच्या पहिल्या कलेक्टरमध्ये दहा सेकंदांनी बोटाच्या पेराएवढंही राहिलं नव्हतं. एक झडप वेल्डिंगच्या ठिणगीच्या दाण्यामुळे अर्धा मिमी उघडी होती. दाणा घासला आणि तीच पेटी अर्धा मिनिट पाणी धरून बसली. चारही बाजूंनी उचलून बघा. ब्रेकिंगसाठी पुढची कड खाली, सुटताना मागची.

गळतीची चाचणीही पाण्यानेच करा, पण दाब जपून. सायकलच्या पंपाने "थोडीशी हवा" भरणारे टाकीची ढोलकी करून बसतात. ६० बाय ३० सेंमीच्या पत्र्यावर फक्त ०.१ बार दाब म्हणजे १८० किलोचा जोर. ०.१ बार मोजायला मीटरही लागत नाही. टाकीच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून ती भिंतीवर मीटरभर उंच बांधा आणि टाकी काठोकाठ भरल्यावर नळीतही तेवढं पाणी चढवा. मीटरभर पाण्याचा स्तंभ म्हणजे ०.१ बार. तासाभराने नळीतलं पाणी खाली आलं नाही तर टाकी पास. मग तिला दोन दिवस उन्हात आणि हवेत पूर्ण वाळवा.

फोम : कुठला आणि का

हा फोम मोटारींसाठी जन्मलेला नाही. १९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाला गोळी लागल्यावर टाकीतली वाफ भडकू नये असं काहीतरी हवं होतं. उत्तर निघालं रेटिक्युलेटेड पॉलियुरेथेन, म्हणजे असा फोम की ज्याच्या प्रत्येक बुडबुड्याचा पडदा फोडून टाकलाय आणि फक्त काड्यांचा सांगाडा उरलाय. ज्योत त्या जाळीतून पुढे सरकताना थंड होऊन विझते. मोटार स्पर्धांना याची किंमत फार महागात कळली. १९६४ मध्ये शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स या अमेरिकी ड्रायव्हरच्या गाडीची टाकी फुटून तो भाजला आणि काही आठवड्यांनी गेला. फोम भरलेली सेफ्टी टाकी अमेरिकी स्पर्धांमध्ये रूढ झाली ती त्यानंतरच्या काळात.

पहिला लष्करी फोम नारिंगी रंगाचा, पॉलिएस्टर जातीचा होता. आग्नेय आशियाच्या दमट उष्ण हवेत तो पाण्याच्या संगतीने कुजू लागला. मग निळा पॉलिईथर आला. तो दमटपणात टिकला, पण त्यात स्थिर वीज साठू लागली आणि भरतानाच ठिणग्या पडू लागल्या. शेवटी वीज वाहून नेणारा काळसर फोम आला. मुंबईकराला या गोष्टीतलं नारिंगी प्रकरण महत्त्वाचं. आपली हवा तीच आहे. त्यात २०२३ पासून ई२० पंपांवर येऊ लागलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. तेव्हा फोम मागवताना "पेट्रोलसाठी" एवढंच सांगू नका. अल्कोहोल मिसळलेल्या इंधनाला चालणारा आहे, असं उत्पादकाने लेखी दिलेला प्रकारच घ्या.

जाळीची बारीकी इंचाला किती छिद्रं यावर मोजतात, साधारण १० ते २५. बारीक फोम लाट जास्त मोडतो, पण पेट्रोल सावकाश सोडतो. कलेक्टर असलेल्या टाकीला मी १० ते १५ ची जाळी घेतो.

आता सोफ्याच्या फोमची गोष्ट. दुकानदार म्हणाला, "तोच आहे, नुसतं नाव वेगळं." हातात मऊ, रंगही पिवळसर. तिसऱ्या आठवड्यात गाडी सुरू होईना. फिल्टर उघडला तर आत शिळ्या श्रीखंडासारखा लगदा. टाकी खरवडायला दोन दिवस गेले आणि पंप गेला तो गेलाच.

तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची मी दोनदा परीक्षा घेतो. पहिली उजेडाची. दोन सेंमी जाडीचा काप ट्यूबलाइटसमोर धरून तिरका फिरवा. साध्या फोममध्ये साबणाच्या फुग्यासारखे चकाकणारे पडदे दिसतात. खऱ्यात नुसत्या काड्या आणि पलीकडचा उजेड. तोंडाला लावून फुंकलात तर वारा पलीकडच्या हाताला तसाच लागतो. दुसरी परीक्षा काचेच्या बरणीची. एक तुकडा मोजून, पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये चार आठवडे ठेवा, दुसरा कोरडा बाजूला. थोडं फुगणं चालतं. चिकट होणं, ओढल्यावर तुटणं, पेट्रोल गढूळ होणं यातलं एकही चालत नाही. बरणी घरात ठेवू नका. गाळ्यात, सावलीत, झाकण लावून.

कापणं आणि भरणं

फोम ब्रेड कापायच्या लांब दातेरी सुरीने कापा, लांब लांब हात मारत, न दाबता. गरम तारेने कापू नका. कड वितळून छिद्रं बुजतात आणि त्या धुराने घसा धरतो. फाडू तर अजिबात नका, फाटलेल्या कडेतून महिनाभर चुरा पडत राहतो.

प्रत्येक ठोकळा जागेपेक्षा जरासा मोठा, बोटाने दाबून बसेल एवढाच. पेट्रोलात तो आणखी फुगणार आहे. कोंबून भरलेला फोम भिंती बाहेर ढकलतो आणि पेट्रोल वाहू देत नाही. ठोकळ्यांवर मार्करने नंबर घालू नका, शाई पेट्रोलात विरघळून फिल्टरमध्ये जाते. मी कोपऱ्यावर सुरीने खाचा पाडतो. एक खाच पहिला ठोकळा, दोन खाचा दुसरा. आत कुठला कुठे गेला याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी आठवणार नाही.

फोम कुठे नको, हे कुठे हवा यापेक्षा महत्त्वाचं. कलेक्टरच्या आत नको. झडपा उघडतात त्या बाजूला नको, खिडकीच्या बाहेरही दोन बोटं मोकळी ठेवा. फ्लोटच्या वाटेत नको, नाहीतर काटा कायम अर्धी टाकी दाखवत राहतो. फिलरखाली मुठीएवढी पोकळी ठेवा आणि व्हेंटच्या (हवा ये-जा करायच्या नळीच्या) तोंडाशीही. बाकी सगळीकडे भरा, कारण मोठी पोकळी राहिली तर भडका रोखायचं काम अर्धवट होतं. आत घालण्याआधी प्रत्येक ठोकळा कॉम्प्रेसरच्या हवेने झटका. पंपाआधी १०० मायक्रॉनची आणि पंपानंतर १० मायक्रॉनची गाळणी लावा, आणि पहिल्या दिवसानंतर दोन्ही उघडून बघा.

४५ लिटरच्या टाकीतला फोम कोरडा असताना किलोभर भरतो. तो स्वतः अडीच-तीन टक्के जागा घेतो आणि जवळपास तेवढंच पेट्रोल अंगात धरून ठेवतो. म्हणजे दोन-अडीच लिटर हिशोबातून वजा. शर्यतीच्या इंधनाचं गणित त्याप्रमाणे बदला.

पहिली भरणी आणि वीज

भरण्याआधी मल्टिमीटर काढा. फिलरची मान, टाकी आणि बॉडी यांच्यात सलग जोड हवा. मीटरने १० ओहमच्या वर दाखवलं तर जाड तांब्याची पट्टी लावा. रंगावर नाही, रंग खरवडून उघड्या धातूवर. फोमवर जोराची धार मारली की स्थिर वीज तयार होते, म्हणून पहिली भरणी सावकाश. पाच लिटर घाला, थांबा, बुडबुडे संपू द्या, मग पुढचे पाच. धातूच्या कॅनने भरत असाल तर कॅन आणि फिलर एकमेकांना टेकलेले राहू द्या. पेट्रोल काढताना नळी तोंडात धरून ओढायची सवय असेल तर ती सोडा.

हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये कधीही नाही. उघडी जागा, सुती कपडे, मोबाइल लांब, ड्राय पावडरचा सिलिंडर हाताशी, आणि अग्निशमन दलाचा १०१ सगळ्यांना पाठ. विनापरवाना पेट्रोल साठवायची कायदेशीर मर्यादा ३० लिटर आहे, म्हणून टाकीतून काढलेलं पेट्रोल महिनोन्महिने कॅनमध्ये ठेवायचा विचारही नको.

व्हेंटची नळी गाडीच्या बाहेर, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला, आणि मध्ये गाडी उलटली तर बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह. हे विसरलेली टाकी उलटल्यावर व्हेंटमधूनच रिकामी होते, आणि बाहेर सांडलेल्या पेट्रोलची आग फोम विझवत नाही. टाकी केबिनमध्ये किंवा डिकीत असेल तर चालक आणि टाकी यांच्यात पत्र्याची सलग भिंत लागते. तिच्यातून नळी नेली त्या भोकाची फटसुद्धा बुजवा.

पावसाळा

जूनमध्ये मी टाकी रिकामी करतो. अर्ध्या टाकीत ई२० आणि वर दमट हवा असं चार महिने ठेवलं तर इथेनॉल पाणी ओढत राहतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो. पंपाचं तोंड तळाशीच असतं.

फोम बाहेर काढून उघड्या हवेत, सावलीत पूर्ण सुकवतो. उन्हात नाही, ऊन त्याला ठिसूळ करतं. पेट्रोलाने ओला फोम गाळ्यात ढीग करून ठेवणं म्हणजे पलिता रचून ठेवणं. त्याचा वास पूर्ण गेला की सिलिका जेलच्या पुड्या घालून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. टाकीवर वेल्डिंगचं काम निघालं तर फोमचा कण न् कण बाहेर हवा. त्याच्या काड्यांमध्ये वाफ आठवडाभर टिकते.

ऑक्टोबरमध्ये परत भरताना प्रत्येक ठोकळ्याचा कोपरा चिमटीत धरून चोळतो. बोटांना पीठ लागलं, किंवा दाबल्यावर ठोकळा हळूहळूही परत वर आला नाही, तर तो ठोकळा गेला. मग एकटा तोच नाही, सगळे बदलतो, कारण सगळ्यांनी तेच पेट्रोल आणि तोच पाऊस पाहिलेला असतो. आमच्या टाकीत गेल्या खेपेला खाचांप्रमाणे चौथा आणि सातवा ठोकळा पिठाळले होते. दोन्ही तळाचे, मागच्या डाव्या कोपऱ्यातले. फळीवर टाकी ठेवून पाहिलं तेव्हा कळलं, त्या कोपऱ्यातला बॅफलचा काप वेल्डने अर्धा बुजला होता आणि तिथे कपभर ओलं पेट्रोल वर्षभर साचून राहत होतं. आधी गोल कानशीने तो काप मोकळा केला. नवा फोम त्यानंतर.